आठ चॅनेल, एक वाकडी पिन: उद्यमबागेतल्या जुन्या डबल-प्रोसेसर बोर्डाचं प्रकरण

बेळगावात तिसरं रेल्वे गेट ओलांडून खानापूर रोडनं पुढं गेलं की उद्यमबाग लागते. फाउंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक्सच्या कारखान्यांची ही वसाहत. तिथल्या एका छोट्या डिझाइन ऑफिसात पंपाचं केसिंग आणि व्हॉल्व्हच्या बॉडीचं काम चालतं. थ्रीडी मॉडेल करायचं, आतून पाणी कसं वाहतं ते ओपनफोम या प्रवाहगणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासायचं, मग पॅटर्नवाल्याकडं ड्रॉइंग पाठवायचं. त्यासाठी सहा कोरचा आणि ३२ जीबी रॅमचा साधा डेस्कटॉप होता. मेश म्हणजे गणितासाठी आतल्या जागेची पाडलेली बारीक घरं, एकेक घर म्हणजे सेल. ५०-६० लाख सेलच्या मेशपर्यंत तो कुरकुर न करता चालायचा. दोन टप्प्यांच्या एका पंपाचं मेश दीड कोटी सेलवर गेलं आणि रॅम संपून मशीन स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कच रॅमसारखी वापरण्यात, अडकून बसलं.

हिशेब साधा होता. ओपनफोमला दर दहा लाख सेलमागं ढोबळमानानं १ ते २ जीबी रॅम लागते. दीड कोटीला १५ ते ३० जीबी झाली, आणि मेश बनवताना गरज त्याहूनही वर जाते. मालकांनी ७५ हजार रुपये मंजूर केले आणि त्यात १२८ जीबीचं मशीन बसवायला सांगितलं.

जुना डबल-प्रोसेसर बोर्ड घ्यायचा म्हटलं की पहिली चर्चा कोरची होते. २८ कोर, ५६ थ्रेड ऐकायला मोठं वाटतं. या कामात मात्र कोर हा दुय्यम मुद्दा आहे. प्रवाहाच्या गणितात प्रत्येक सेलचे आकडे रॅममधून आणायचे, त्यावर थोडी बेरीज-गुणाकार करायची आणि परत ठेवायचे, हेच कोट्यवधी वेळा चालतं. कोर रिकामे बसून रॅमची वाट बघतात. डीडीआर४-२४०० जातीच्या रॅमच्या एका चॅनेलमधून, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या एका रस्त्यातून, सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी जातात. डीडीआर४ च्या साध्या डेस्कटॉपला दोन चॅनेल असतात, म्हणजे ३८.४ जीबी. इंटेलच्या झिऑन ई५-२६०० व्ही४ या सर्व्हर प्रोसेसरांना प्रत्येकी चार चॅनेल, म्हणून एका प्रोसेसरला ७६.८ आणि दोन मिळून १५३.६. आजचा डीडीआर५-५६०० चा नवा डेस्कटॉपही दोन चॅनेलवर ८९.६ पर्यंत पोचतो, आणि तो वीजही कमी खातो. पण १२८ जीबीसह तो ७५ हजारांत बसत नव्हता. थोडक्यात, या बोर्डावर पैसे घालायचे ते आठ चॅनेलसाठी, आणि पुढची सगळी तपासणी त्या आठांवरच बेतायची.

हे मशीन कुणी घेऊ नये, तेही इथंच सांगायला हवं. तुमचं सॉफ्टवेअर परवान्याचे पैसे कोरच्या संख्येवर घेत असेल तर चार कोरच्या परवान्यासाठी २८ कोर घेऊन ठेवणं म्हणजे पैसे अडकवणं. कॅडमध्ये मॉडेल फिरवणं, फिलेट टाकणं ही कामं बहुतेक एकाच कोरवर चालतात, आणि ऑफिसनं निवडलेल्या प्रोसेसरचा टर्बो (कमाल वेग) ३.३ गिगाहर्ट्झलाच थांबतो. म्हणून ऑफिसनं जुना डेस्कटॉप कॅडसाठी तसाच ठेवला. नवं मशीन फक्त गणितासाठी, लिनक्सवर. विंडोजच हवी असेल तर होम आवृत्ती एकच सॉकेट (प्रोसेसरची बैठक) वापरते, दोन सॉकेटला किमान प्रो लागते. आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ही प्रोसेसर पिढी नाही.

खरेदी

सुरुवातीला आख्खी वर्कस्टेशन बघितली. डेलची प्रिसिजन टॉवर ७८१०, एचपीची झेड६४० अशी मशीनं बाजारात फिरत असतात, आणि चांगली मिळाली तर सुट्या बोर्डापेक्षा तीच घ्यावीत. कॅबिनेट, एसएमपीएस, कूलर सगळं एकमेकांशी जुळलेलं असतं. पण जी झेड६४० समोर आली ती एकाच प्रोसेसरची होती. त्या मॉडेलमध्ये दुसरा प्रोसेसर वेगळ्या रायझर कार्डावर बसतो आणि ते कार्ड नव्हतं. रॅकमधला एक-यू सर्व्हर आणखी स्वस्त होता, पण त्याचे ४० मिलिमीटरचे पंखे ज्या खोलीत माणसं फोनवर बोलतात तिथं चालणार नाहीत. डेल-एचपीच्या सर्व्हरमधून काढलेले नुसते बोर्डही दाखवले गेले. ते टाळले, कारण त्यांचा आकार आणि वीजजोड कंपनीचा स्वतःचा असतो, बाजारातल्या एसएमपीएसची २४ पिनची वायर तिथं लागत नाही.

शेवटी ठरलं ते असं: सुपरमायक्रोच्या एक्स१० पिढीतला, सी६१२ चिपसेटचा, रॅमच्या १६ स्लॉटचा बोर्ड. सोबत दोन झिऑन ई५-२६८० व्ही४, प्रत्येकी १४ कोर, २.४ गिगाहर्ट्झ, १२० वॉट. रॅम १६ जीबीच्या आठ पट्ट्या. चार पट्ट्या ३२ जीबीच्या घेतल्या तरी १२८ जीबीच होतात, पण मग आठपैकी चारच चॅनेल चालतात आणि मशीन घेण्यामागचं कारणच निघून जातं. ही चूक फार लोक करतात, कारण दुकानदार "पुढं वाढवायला जागा राहील" म्हणून मोठ्या पट्ट्या सुचवतो.

रॅमच्या पट्टीवरचं लेबल वाचता यायला हवं. 'पीसी४-२४००टी' नंतरच्या डॅशपुढं आर अक्षर असेल तर ती रजिस्टर्ड. एल म्हणजे लोड-रिड्यूस्ड, ई म्हणजे ईसीसी (चूक सुधारण्याची सोय) असलेली पण रजिस्टर्ड नसलेली, यू म्हणजे साध्या डेस्कटॉपची. या बोर्डाला आर किंवा एल चालते, दोन्ही मिसळून चालत नाही. प्रोसेसरच्या झाकणावरचा एसआरनं सुरू होणारा कोडही बघावा. ई५-२६८० व्ही४ चा तो एसआर२एन७ आहे. त्याऐवजी क्यूनं सुरू होणारा कोड असेल तर तो चाचणीचा नमुना, स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. आणि मॉडेल नंबरातला पहिला आकडा २ हवा. ई५-१६५० सारखे प्रोसेसर त्याच सॉकेटमध्ये बसतात, पण दोघं जोडीनं कधीच चालत नाहीत.

बेळगावाहून कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर आणि बेंगळूर सुमारे ५०० किलोमीटर. हाताळून बघायला कोल्हापूर सोयीचं, पण सर्व्हरचा जुना माल बेंगळूरच्या एसपी रोडला आणि तिथल्या जुन्या आयटी मालाच्या व्यापाऱ्यांकडं जास्त येतो. नोंदणी असलेल्या धंद्याला करात फरक पडत नाही. महाराष्ट्रातून घेतलं तर बिलावर आयजीएसटी, बेंगळूरहून घेतलं तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, क्रेडिट दोन्हीकडं मिळतं. बिलावर बोर्डाचा सिरियल नंबर मात्र लिहून घ्यावा. परत पाठवायची वेळ आली की "हा आमचा बोर्डच नव्हे" हा वाद त्या एका ओळीनं संपतो.

विक्रेत्याकडून फोनवर उत्तर आलं, "टेस्टेड इदे सार, नो प्रॉब्लम." टेस्टेड या शब्दाचा अर्थ प्रत्येक दुकानात वेगळा असतो. कुठं पंखा फिरला म्हणजे टेस्टेड, कुठं बायोसचा पडदा आला म्हणजे. म्हणून चार गोष्टी मागितल्या: दोन्ही सॉकेटचे तिरप्या उजेडातले फोटो, दोन प्रोसेसर आणि आठही रॅम लावून बायोसचा व्हिडिओ, बीएमसीचा (बोर्डावरच्या दूरनियंत्रकाचा) पासवर्ड, आणि मागची आयओ पट्टी (जोडांच्या भोकांचा पत्रा) सोबत आहे का ते. फोटो आले. व्हिडिओत दोन प्रोसेसर दिसले, रॅम मात्र दोनच पट्ट्या लावलेली. आयओ पट्टी होती. सात दिवसांत परत घ्यायचं कबूल झालं आणि बोर्ड रात्रीच्या बसनं निघाला.

त्या व्हिडिओत आणखी एक गोष्ट स्पष्ट दिसत होती आणि ती कुणी वाचली नाही: आत लावलेले प्रोसेसर आधीच्या व्ही३ पिढीचे होते आणि बायोस १.०सी.

टेबलावर

पार्सल उघडल्यावर बोर्डाभोवती साधा बबल रॅप निघाला. अँटिस्टॅटिक पिशवी नव्हती. एका सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण होतं, दुसऱ्यावर पुठ्ठ्याचा तुकडा टेपनं चिकटवलेला. एलजीए सॉकेटमध्ये २०११ पिना उघड्या असतात. त्यावर पुठ्ठा घासला तर काय होतं ते पुढं दिसलंच.

जुना बोर्ड थेट कॅबिनेटमध्ये घालू नये. लाकडी टेबलावर पुठ्ठा, त्यावर बोर्ड, पहिल्या सॉकेटमध्ये एक प्रोसेसर, त्याच्या पहिल्या निळ्या स्लॉटमध्ये एकच पट्टी. सीआर२०३२ सेल आधीच बदलावा, दहा वर्षांच्या बोर्डात तो बहुतेक मेलेलाच असतो. एसएमपीएसच्या २४ पिनसोबत प्रोसेसरच्या आठ-आठ पिनच्या दोन वायरी लागतात, म्हणून दोन ईपीएस वायरी असलेलाच ६५० वॉटचा एसएमपीएस घेतला होता. इथं एक धोका आहे. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनची वायर दिसायला तशीच असते. पण ईपीएसमध्ये चार पिना १२ व्होल्टच्या आणि चार ग्राउंडच्या, तर ग्राफिक्सच्या वायरीत तीन १२ व्होल्टच्या आणि पाच ग्राउंडच्या, त्याही उलट्या बाजूला. खाचा जुळत नाहीत, तरी जोर लावणारे असतात. तसं बसवलं तर १२ व्होल्ट सरळ ग्राउंडला जातात.

वीज दिल्यावर बीएमसीचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. बोर्ड बंद असतानाही स्वतंत्र चालणारा, दूरवरून मशीन चालू-बंद करणारा हा छोटा नियंत्रक. त्याला उठायला मिनिट-दीड मिनिट लागतं, तोवर बटण दाबू नये. बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळाच. पाच मिनिटं वाट बघितली तरी काळाच. या बोर्डांना सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात हे धरूनही तो वेळ जास्त होता.

कारण व्हिडिओतलंच. या पिढीच्या बोर्डाला व्ही४ प्रोसेसर ओळखायला बायोस २.० किंवा त्यापुढचा लागतो. बीएमसीच्या वेबपानावरून बायोस चढवता येतो, पण एक्स१० वर त्या सोयीला वेगळी परवाना-किल्ली लागते. सरळ रस्ता म्हणजे एक स्वस्त व्ही३ प्रोसेसर. सहा कोरचा ई५-२६०९ व्ही३ जुन्या बाजारात अगदी कमी भावात मिळतो. तो लावला, पडदा आला. एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवरून नवा बायोस चढवला. मध्ये मशीन स्वतःहून रीस्टार्ट होऊ शकतं, घाबरून बटण दाबू नये. वीज जाऊ नये म्हणून हे काम यूपीएसवरच करावं. पावसाळ्यात, तेही खानापूर रोडच्या बाजूला, यूपीएसशिवाय बायोस चढवणं म्हणजे बोर्ड घालवायची तयारी. काम झाल्यावर तो व्ही३ प्रोसेसर विकला नाही, ठेवला. पुढच्या तपासणीत तोच कामाला आला.

बीएमसीत शिरल्याबरोबर आधीची घटनानोंद पुसायची नाही, वाचायची. कुठल्या रॅम स्लॉटला ईसीसीच्या दुरुस्त्या झाल्या, कधी तापमान चढलं, कधी वीज गेली, हे जुन्या मालकाचं सगळं तिथं असतं. या बोर्डाच्या नोंदीत वीज गेल्याच्या नोंदी होत्या, ईसीसीची एकही नव्हती. फोटो काढून ठेवला आणि मग नोंद पुसली, म्हणजे यापुढं येईल ते आपलं.

११२ जीबी

दोन्ही व्ही४ आणि आठ पट्ट्या लावल्यावर बायोसनं ११२ जीबी दाखवले. दुसऱ्या प्रोसेसरच्या जी१ स्लॉटमधली पट्टी गायब.

इथं अंदाज करत बसू नये, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पहिल्यांदा जी१ मधली पट्टी एच१ मध्ये आणि एच१ ची जी१ मध्ये घातली. जी१ तरीही रिकामाच, म्हणजे पट्टी चांगली. मग वीज पूर्ण काढून, जेबीटी१ ही दोन पॅड काही सेकंद जोडून बायोसची आठवण पुसली, कारण एकदा नापास झालेला स्लॉट बंद करून ठेवण्याची काही बोर्डांना सवय असते. फरक नाही. तिसऱ्या पायरीला दोन्ही प्रोसेसरांची अदलाबदल. दोष प्रोसेसरसोबत गेला असता तर आता पहिल्या सॉकेटच्या सी१ ला दिसला असता. तो जी१ लाच राहिला. चौथी पायरी हीटसिंकची: रॅमचा चॅनेल जाण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. एका बाजूचा स्क्रू आधी पूर्ण आवळला की प्रोसेसर केसभर तिरका बसतो आणि कडेच्या पिनांचा स्पर्श सुटतो. चारही स्क्रू सोडून, कोपरा-समोरचा-कोपरा असे अर्धा-अर्धा फेरा आवळले. जी१ काही उठला नाही. उरलं सॉकेट.

सॉकेटकडं वरून सरळ बघितलं तर काही कळत नाही. खोलीतला दिवा घालवायचा, मोबाईलचा टॉर्च बोर्डाच्या पातळीला धरायचा आणि डोळा उलट बाजूला न्यायचा. पिनांची टोकं ठिपक्यांसारखी चमकतात, उसाच्या सऱ्या सरळ दिसाव्यात तशा त्यांच्या ओळी दिसतात. मग टॉर्च ९० अंश फिरवून पुन्हा. दुसऱ्या दिशेनं बघताना कडेपासून चौथ्या ओळीत एक ठिपका आपल्या जागी नव्हता. त्याच्या शेजारच्या पिनेकडं तो झुकला होता, पण तिला टेकला नव्हता. टेकला असता तर शॉर्ट होऊन प्रकरण रॅमवर थांबलं नसतं. विक्रेत्याच्या फोटोत ही पिन दिसत नाही, कारण फोटो एकाच दिशेच्या उजेडातला आहे. फोटो मागायचे तर चारही बाजूंनी मागावेत.

सात दिवस संपले नव्हते, बोर्ड परत करता आला असता. मालकांनी विचारलं, "परत पाठवायचा की बघायचं करून?" एकच पिन होती, तुटलेली नव्हती आणि शेजारी मोकळी होती, म्हणून करून बघायचं ठरलं. आधी विक्रेत्याला फोटो पाठवून परतीची मुदत वाढवून घेतली. ही पायरी सोडू नये. दुरुस्तीत पिन तुटली तर नंतर बोलायला तोंड राहत नाही.

दहापट भिंग स्टँडवर लावलं, कोपर टेबलावर टेकवलं आणि पातळ शिवणकामाची सुई लाकडी दांड्यात बसवून घेतली. सुईचं टोक पिनेच्या वाकाच्या आत घालायचं आणि तिच्या मूळच्या कलाच्या दिशेनं एकदाच, हळू उचलायचं. पुढं-मागं करायचं नाही. हा धातू एकदा वाकलेला सरळ होतो, दुसऱ्यांदा वाकवला की मोडतो. थोडी कमी सरळ राहिली तरी चालते, टोक पॅडवर पडलं म्हणजे झालं. मग प्रोसेसरची खालची सोनेरी पॅडं ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसली. सॉकेटमध्ये मात्र कापड घालायचं नाही, एक धागा दहा पिना ओढतो. पहिल्यांदा महागडा प्रोसेसर न लावता तोच ई५-२६०९ व्ही३ दुसऱ्या सॉकेटला लावून बघायचा मोह होतो, पण दोन वेगवेगळे प्रोसेसर जोडीनं चालत नाहीत. म्हणून व्ही३ तिथं नुसता बसवून, सॉकेटची दांडी दाबून काढला आणि भिंगाखाली पिन पुन्हा बघितली. ती जागेवर होती. मग व्ही४ लावला. १२८ जीबी आले.

आले म्हणजे टिकले असं नाही. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ चे चार पूर्ण फेरे चालवले. १२८ जीबीला एका फेऱ्याला काही तास लागतात, त्यामुळं दोन दिवस मशीन तेच करत होतं. ईसीसी रॅमवर मेमटेस्ट स्वच्छ दिसला तरी विश्वास ठेवू नये. एका बिटाची चूक प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर स्वतःच सुधारून देतो आणि मेमटेस्टला ती दिसतच नाही. खरी नोंद बीएमसीत पडते. पुसून कोरी ठेवलेली घटनानोंद दोन दिवसांनी उघडली. एकही ओळ नव्हती.

कूलर, कॅबिनेट, पंखे

एलजीए २०११-३ चे कूलर दोन मापांचे असतात. चौकोनी मापात भोकं ८० बाय ८० मिलिमीटरवर, अरुंद मापात ५६ बाय ९४ वर. डेस्कटॉपचे बहुतेक कूलर फक्त चौकोनी मापाचे. बोर्ड कुठल्या मापाचा आहे ते कूलर मागवण्याआधी पट्टीनं मोजावं. हा बोर्ड अरुंद मापाचा निघाला आणि आधी आणलेले दोन टॉवर कूलर दुकानदाराला परत द्यावे लागले. उंच सर्व्हरसाठीचे अरुंद मापाचे, पंखा जोडलेले कूलर घेतले. त्यांची हवा एकाच दिशेला, पुढून मागं जाईल असे दोन्ही लावायचे.

बोर्ड १२ बाय १३ इंच, म्हणजे ३०५ बाय ३३० मिलिमीटर. कॅबिनेटच्या खोक्यावर ई-एटीएक्स छापलेलं असलं तरी फसू नये, त्यातली बरीच २७२ किंवा २८० मिलिमीटरलाच थांबतात. ऑफिसातल्या कॅबिनेटमध्ये रुंदी पुरत होती, पण स्टडची भोकं जुळत नव्हती. बोर्डाखाली एक जादा स्टड राहिला आणि तो ट्रॅकला टेकला तर शॉर्ट होतो.

इथं उद्यमबागेचा फायदा झाला. ड्रॉइंग शीटवर बोर्ड ठेवून प्रत्येक भोकातून पेन्सिल फिरवली, केंद्रं काढली आणि कागद लेझर कटिंगवाल्याकडं नेला. "अण्णा, भोकं ह्या कागदावरनंच घ्या, कॅटलॉगातल्या मापावरनं नको." त्यांनी कागद स्कॅन करून घेतला, २ मिलिमीटरच्या पत्र्याचा ट्रे कापला आणि एम३ चे आटे पाडून दिले. पितळी स्टड बसवले. पावडर कोटिंग केलं, पण स्टडच्या बुडाखालचं कोटिंग खरवडलं, कारण बोर्डाचं ग्राउंड तिथूनच कॅबिनेटला मिळतं.

मशीन सुरू झालं तसे पंखे भणाणून पूर्ण वेगानं फिरायचे, दहा सेकंदांनी मंदावायचे आणि पुन्हा भणाणायचे. पंखे खराब नव्हते. बीएमसीला सर्व्हरच्या वेगवान पंख्यांची सवय. १२० मिलिमीटरचा शांत पंखा ४०० फेऱ्यांवर आला की तो मेला असं समजून बीएमसी सगळ्यांना पूर्ण वेग देतो. बीएमसीशी बोलणाऱ्या आयपीएमआयटूल या कमांडनं प्रत्येक पंख्याच्या खालच्या तीन मर्यादा १००, २०० आणि ३०० वर आणल्या की हे थांबतं. बीएमसीचं फर्मवेअर बदललं तर या मर्यादा पुन्हा बघाव्यात. शांत पंख्यांनी प्रोसेसर गार राहतो, पण शेजारच्या वीजनियंत्रणाच्या चिपा आणि रॅम तापतात. हे बोर्ड समोरून येणाऱ्या जोरदार वाऱ्यावर बेतलेले असतात. म्हणून एक १२० मिलिमीटरचा पंखा खास रॅमच्या दिशेनं लावला.

वीज

बेळगाव अडीच हजार फुटांवर असल्यानं बारमाही हवा मशीनला बरी असते. त्रास दोन गोष्टींचा, दमट पावसाळा आणि वीज. आजूबाजूला इंडक्शन फर्नेस चालतात, त्यांनी लाइनमध्ये हार्मोनिक्स (विजेच्या लाटेत बिघाड) येतात. पहिलं काम अर्थिंगचं: मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थमधला फरक बघितला, तो २ व्होल्टच्या आत हवा. इथं तो साडेपाच होता. वायरमननं अर्थपिटात पाणी-मीठ घालून जोड घासून बांधल्यावर दीडवर आला. यूपीएस शुद्ध साइन वेव्हचा घेतला, कारण पायऱ्यांच्या लाटेवर आजचे अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेले काही एसएमपीएस वीज जाताक्षणी बंद पडतात.

मीटरवर मशीन रिकामं असताना सुमारे १०५ वॉट आणि सगळे कोर गुंतलेले असताना ३४० वॉट दाखवतं. नुसतं चालू ठेवलं तर ३० दिवसांत ७५ युनिट जातात, काहीही काम न करता. म्हणून काम नसेल तेव्हा मशीन पूर्ण बंद असतं आणि गरज पडली की बीएमसीच्या पानावरून चालू करतात. बीएमसीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला आणि त्याची लॅन वायर फक्त ऑफिसच्या आतल्या स्विचला आहे, राउटरमधून बाहेर उघडलेली नाही.

काम कसं वाटायचं

लिनक्सवर एलएससीपीयू चालवलं की दोन नुमा नोड (प्रोसेसर आणि त्याच्या जवळची रॅम अशा जोड्या) दिसायला हवेत, प्रत्येकाला १४ कोर. एकच दिसला तर बायोसमध्ये नुमा बंद आहे, ते चालू करायचं. प्रत्येक प्रोसेसरची रॅम त्याच्या जवळची असते, पलीकडची रॅम दोघांमधल्या क्यूपीआय जोडावरून आणावी लागते आणि तो रस्ता अरुंद आहे.

ऑफिसनं तोच दीड कोटी सेलचा पंप ८, १४, २० आणि २८ तुकड्यांत चालवून बघितला. हायपरथ्रेडिंगचे (एका कोरचे दोन थ्रेड धरून) ५६ वापरून उपयोग नव्हता. २० च्या पुढं वेळ फार कमी होत नाही, कारण तोवर आठही चॅनेल भरून गेलेले असतात. सगळ्यात उपयोगाचं निरीक्षण १४ तुकड्यांचं. ते १४ एकाच प्रोसेसरवर ठेवले तर चार चॅनेल रिकामे राहतात. तुकडे कोरांवर वाटणाऱ्या एमपीआयला मॅप-बाय सॉकेट सांगून सात-सात वाटले आणि प्रत्येक तुकडा आपल्या कोरला बांधला, तर त्याच १४ कोरांवर काम लक्षणीय लवकर होतं. आता ऑफिसात संध्याकाळी सहाला २४ तुकड्यांचं काम लावतात, चार कोर मशीनच्या इतर कामांना मोकळे ठेवतात आणि सकाळी निकाल बघतात.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बीएमसीची घटनानोंद उघडून जी१ चं नाव शोधलं जातं. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर ब्लोअरनं धूळ काढतात, पंखा बोटानं धरून, नाहीतर तो उलट फिरून वीज बनवतो. कपाटात अँटिस्टॅटिक पिशवीत एक जादा १६ जीबीची पट्टी, एक सीआर२०३२ सेल आणि तो ई५-२६०९ व्ही३ ठेवलेला आहे. पिशवीवर मार्करनं लिहिलंय: "सॉकेट २ चं झाकण याच पिशवीत."